परतीच्या पावसानंतर तिसऱ्या काढाव्यात का? जुवारीच्या दक्षिण काठावरील एक प्रकरण

ऑक्टोबरच्या मध्याला, पावसाळा उलटला असे सर्वांनी धरून चालले असताना, गोव्यातील जुवारी नदीच्या दक्षिण काठावर परतीचा पाऊस कोसळला. पाऊस ओसरताच खाडीकाठच्या एका वाड्यावरील काही महिला नेहमीप्रमाणे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात उतरल्या आणि त्यांनी तिसऱ्या, म्हणजे चिखलात मिळणारे खाण्याचे शिंपले, काढल्या. त्यांतल्या काही घरी शिजल्या, काही बाजारात गेल्या. पुढच्या दोन-तीन दिवसांत वाड्यावरच्या काही घरांत उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. तो तिसऱ्यांमुळेच झाला असे खात्रीने सांगता येत नव्हते, कारण त्याच दिवसांत विहिरींचे पाणीही गढूळ झाले होते. मात्र कुजबूज बाजारापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही आणि तिसऱ्यांचे वाटे संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहू लागले. अमावास्येची मोठी सुकती तोंडावर आली होती आणि त्या दोन-तीन दिवसांत मिळणारी काढणी म्हणजे या कुटुंबांच्या महिन्याच्या हिशोबातील मोठा आधार होता. काढणाऱ्या महिलांच्या गटाने त्या वेळी सरळ प्रश्न विचारला: हा पट्टा आत्ता खाण्यायोग्य आहे की नाही, आणि नसेल तर कधी होईल?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या कामात, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला एक स्थानिक रहिवासी म्हणून, प्रस्तुत लेखकाचा सहभाग होता. वाड्याचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. एका पावसाच्या आठवड्यातील निष्कर्ष गावाच्या नावाला कायमचा चिकटला तर नुकसान त्याच महिलांचे होईल, ज्यांनी स्वतःहून तपासणीची मागणी केली होती.

जागेचे स्वरूप समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. मुरगाव आणि दोनापावला यांच्यामधून जुवारी समुद्राला मिळते. दक्षिण काठावर चिखली, सांकवाळ, कुठ्ठाळी अशी गावे असून काठ कुठे खडपाळ, कुठे वाळूमिश्रित चिखलाचा, तर कुठे खारफुटीने झाकलेला आहे. मागे जांभ्याचे पठार उभे आहे आणि त्यावरची वस्ती गेल्या काही दशकांत दाट झाली आहे. चिखलाच्या सपाट पट्ट्यात तिसऱ्या आणि खुबे मिळतात, खडपांवर, म्हणजे काठच्या खडकांवर, शिनाणे आणि कालवे हे शिंपले चिकटलेले असतात. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जे अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले दिसतात, त्यांची जातही चिखलीच्या उपसागरात आढळते. आपल्या प्रकरणातला पट्टा या काठावरच्या एका आत वळलेल्या भागात आहे. तिथे भरतीचे पाणी येते खरे, पण खाडीच्या मुख्य प्रवाहाइतके झपाट्याने बदलत नाही.

शिंपल्यांच्या बाबतीत पाण्याची गुणवत्ता माशांपेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाची ठरते, त्याचे कारण त्यांच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. तिसरी किंवा शिनाणा एका जागी राहून पाणी आत ओढतो, त्यातील सूक्ष्म कण कल्ल्यांवर गाळून घेतो आणि पाणी बाहेर सोडतो. हे काम दिवसभर चालू असते. पाण्यात मैलापाणी मिसळलेले असेल तर त्यातील जीवाणू आणि विषाणू अन्नकणांसोबत आत जातात आणि पाण्यातील प्रमाणाच्या कितीतरी पटींनी शरीरात साठतात. शिवाय माशाचे पोट आपण साफ करून टाकतो, तिसरी मात्र आतड्यासकट खातो. अमेरिकेत १९२४-२५ च्या हिवाळ्यात दूषित कालवांमुळे विषमज्वराची साथ पसरून सुमारे १,५०० लोक आजारी पडले आणि सुमारे १५० दगावले. शिंपले काढण्याच्या जागांवर देखरेख ठेवण्याची तिथली राष्ट्रीय व्यवस्था त्या घटनेतून उभी राहिली. १९८८ मध्ये शांघायमध्ये अर्धकच्चे शिंपले खाल्ल्याने सुमारे ३ लाख लोकांना हिपॅटायटिस ए म्हणजे कावीळ झाली.

गटाच्या प्रश्नाला आधीच उपलब्ध असलेली आकडेवारी उत्तर देईल, अशी पहिली अपेक्षा होती. गोव्यातील नद्यांचे आणि किनाऱ्याचे पाणी ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या अंतराने तपासले जाते आणि ते निष्कर्ष पाहता येतात. परंतु ते वाचताना एक अडचण लक्षात आली, आणि या प्रकरणातील सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मला तोच वाटतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने समुद्राच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केलेले आहेत. त्यातील पहिला वर्ग मिठागरे, शिंपल्यांची काढणी आणि संवेदनशील परिसंस्था यांच्यासाठी आहे, तर दुसरा स्नानासाठी, जलक्रीडांसाठी आणि व्यावसायिक मासेमारीसाठी आहे. दुसऱ्या वर्गाच्या निकषांत विष्ठाजन्य कोलिफॉर्म जीवाणूंची मर्यादा १०० मिलिलिटरला १०० अशी दिलेली आहे. पहिल्या वर्गाच्या निकषांत विरघळलेला प्राणवायू, आम्लता, तेल-वंगण आणि पारा, शिसे, कॅडमियम यांचे आकडे आहेत, पण कोलिफॉर्मची स्वतंत्र मर्यादा नाही. त्यामुळे एखाद्या ठिकाणचे पाणी 'ठीक' असल्याचे वाचायला मिळते, तेव्हा ते बहुधा अंघोळीच्या मापाने ठीक असते.

शिंपल्यांचे माप वेगळे आहे. अमेरिकी पद्धतीत, थेट काढणीसाठी मंजूर जागेच्या पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्मचे सरासरी प्रमाण १०० मिलिलिटरला १४ पेक्षा जास्त असता कामा नये आणि दहा टक्क्यांहून अधिक नमुने ४३ च्या वर जाता कामा नयेत. म्हणजे अंघोळीसाठी पास झालेले पाणी या मापाच्या सात पट दूषित असू शकते आणि तरीही आपल्या नोंदीत ते चांगलेच दिसेल. युरोपीय पद्धत पाण्याऐवजी मांस तपासते. १०० ग्रॅम मांसात आणि शिंपल्यातील द्रवात ई. कोलाय या मैल्याची खूण मानल्या जाणाऱ्या जीवाणूची संख्या २३० पर्यंत असेल तर जागा 'अ' वर्गाची, आणि तिथले शिंपले थेट विकता येतात. ४,६०० पर्यंत 'ब' वर्ग, तिथले शिंपले शुद्धीकरण केल्यावरच विकता येतात. ४६,००० पर्यंत 'क' वर्ग, तिथले शिंपले आधी स्वच्छ पाण्यात दीर्घकाळ ठेवावे लागतात. युरोपात शिंपले पाठवायचे असतील तर काढणीच्या जागेचे असे वर्गीकरण आणि नियमित देखरेख दाखवावी लागते. मडगावच्या किंवा वास्कोच्या बाजारात त्याच तिसऱ्या विकायला असे काही लागत नाही. परदेशी ग्राहकाच्या पोटाची जी काळजी घेतली जाते ती आपल्या माणसांच्या पोटाची घेतली जाऊ नये, हे मला अजिबात पटत नाही.

म्हणून नमुने घेण्याआधी काठाची पाहणी करायचे ठरले. शिंपल्यांच्या देखरेखीत या पाहणीला प्रयोगशाळेइतकेच महत्त्व आहे, कारण कुठून काय येते हे माहीत नसेल तर बाटली कुठे बुडवायची हेच कळत नाही. ही पाहणी ओहोटी सुरू झाल्यावर केली, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली झाकले जाणारे सगळे उघडे पडते. गटातील दोन ज्येष्ठ महिला सोबत होत्या आणि खरे सांगायचे तर पाहणी त्यांनीच केली. नकाशावर एकच नाला दिसत होता, त्यांनी चार दाखवले. एक पावसाळी ओहळ पठारावरून वस्तीच्या मधून येतो. दुसरा खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीच्या, बांधातल्या मानशीतून (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारातून) सुटणारा. तिसरा म्हणजे खारफुटीच्या मागे, जांभ्याच्या पायथ्याशी पाझरणारी एक झर, जिचे पाणी वर्षभर वाहते. चौथा एका बांधकामाच्या मागच्या बाजूने येणारा पाइप, ज्यातून ओहोटीच्या वेळी राखाडी पाणी सुटत होते.

यातल्या झरीकडे सुरुवातीला कोणाचेही लक्ष नव्हते, कारण तिचे पाणी नितळ होते. तिथेच थांबणे आवश्यक होते. जांभा हा सच्छिद्र दगड आहे, त्यातून पाणी सहज झिरपते आणि मातीच्या थरात जसे गाळले जाते तसे त्यात गाळले जात नाही. पठारावरच्या घरांना शौचालयाच्या टाक्या आणि शोषखड्डे आहेत. मुसळधार पावसात जमीन पाण्याने भरून जाते, शोषखड्ड्यातले पाणी मुरायला जागा उरत नाही आणि ते जांभ्यातल्या भेगांतून उताराकडे सरकते. त्यामुळे पाऊस थांबून आकाश मोकळे झाल्यावरही झर कित्येक दिवस दूषित राहू शकते. ओहळाचे पाणी ओसरते तेव्हा वाटते की आता सगळे निवळले, आणि नेमके त्याच वेळी झरीचे पाणी ओहोटीच्या उघड्या चिखलावरून, तिसऱ्यांच्या अंगावरूनच, खाडीकडे जात असते. सोबतच्या महिलांपैकी एकीने सांगितले की झरीखालच्या तुकड्यातल्या तिसऱ्या त्यांच्या घरात पावसानंतर कधी खाल्ल्या जात नाहीत, विकायला मात्र नेल्या जातात. हे तिने लपवले नाही, याबद्दल मला तिच्याविषयी आदर वाटतो. पुढच्या सगळ्या निर्णयाचा पाया या एका वाक्याने घातला गेला.

पाहणीनंतर नमुन्यांच्या तीन जागा ठरल्या: झरीखालचा आतला तुकडा, पट्ट्याचा मधला भाग आणि तोंडाजवळचे खडप, जिथे शिनाणे काढतात. पाण्याचे नमुने ओहोटीच्या शेवटच्या टप्प्यात आणि सकाळी लवकर घ्यायचे ठरले. भरतीला समुद्राचे पाणी आत आलेले असते आणि घाण पातळ होते. दुपारच्या उन्हात जीवाणू झपाट्याने मरतात. दुपारी भरतीच्या वेळी घेतलेला नमुना खाडीची सगळ्यात चांगली अवस्था दाखवतो, आणि आपल्याला सगळ्यात वाईट अवस्था जाणून घ्यायची होती. वेळापत्रकाप्रमाणे महिन्यातून एकदा, गाडी पोहोचेल त्या वेळी, जे नमुने घेतले जातात त्यांत भरती-ओहोटीची वेळ नोंदवलेली नसेल तर दोन महिन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थ राहत नाही, असे माझे मत आहे.

नमुना घेण्याची रीत बाहेरून साधी दिसते. निर्जंतुक बाटलीचे झाकण पाण्याच्या अगदी जवळ आल्यावरच उघडायचे, तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे करून ती पृष्ठभागाच्या खाली बुडवायची, वरच्या तवंगाचा थेंबही आत येऊ द्यायचा नाही, आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायची. तिसऱ्यांची रीत थोडी वेगळी. त्या ज्या हत्याराने नेहमी काढतात त्यानेच काढायच्या, वरचा चिखल स्वच्छ पाण्याने धुवायचा, पण पाण्यात बुडवून ठेवायच्या नाहीत. बुडवल्या की त्या तोंड उघडून आतले बाहेर टाकू लागतात आणि नमुना बिघडतो. बर्फाला थेट टेकवायच्याही नाहीत. या शेवटच्या सूचनेवर गटातल्या महिलांनी सर्वांत काटेकोर लक्ष ठेवले, कारण बर्फाला टेकलेली तिसरी तोंड उघडून मरते हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

प्रयोगशाळेत शिंपले उघडून मांस आणि द्रव एकत्र वाटतात, त्याचे टप्प्याटप्प्याने विरलीकरण करतात आणि प्रत्येक टप्प्याच्या पाच-पाच नळ्या पोषक द्रवात ३७ अंश सेल्सियसला ठेवतात. ज्या नळ्यांचा रंग पालटतो त्यांतून एक थेंब विशेष माध्यमाच्या बशीवर रेघतात आणि ती ४४ अंशांवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी निळसर-हिरव्या वसाहती दिसल्या तर ई. कोलाय आहे असे धरतात. किती नळ्या होकारार्थी आल्या यावरून तक्त्याच्या आधारे सर्वाधिक संभाव्य संख्या काढली जाते. यात प्रत्यक्ष मोजणी नसते, अंदाज असतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. पाच नळ्यांच्या पद्धतीत २३० हा निष्कर्ष आला तर खरी संख्या त्याच्या साधारण एक तृतीयांशापासून तिपटीपर्यंत कुठेही असू शकते. म्हणून एका नमुन्यावरून जागा सुरक्षित ठरवणे चुकीचे, आणि एका नमुन्यावरून ती कायमची बाद करणेही तितकेच चुकीचे.

पहिल्या फेरीचे चित्र असे निघाले. पाण्याच्या नमुन्यांत तिन्ही जागांमध्ये फारसा टोकाचा फरक नव्हता आणि मधल्या भागाचे पाणी अंघोळीच्या मापात बसत होते. तिसऱ्यांच्या मांसाने मात्र वेगळेच सांगितले. झरीखालच्या तुकड्यातील नमुना 'अ' वर्गाच्या मर्यादेच्या पुष्कळ वर होता. मधल्या भागातला नमुनाही मर्यादेत बसला नाही. खडपावरच्या शिनाण्यांचा नमुना मात्र मर्यादेत होता. पाऊस थांबून आठवडा होत आला होता, पाणी निवळलेले दिसत होते, आणि तरीही तिसऱ्यांच्या पोटात त्या पावसाची आठवण शिल्लक होती.

याचे एक कारण झर. दुसरे कारण खुद्द तिसऱ्यांच्या वागण्यात असावे, असे मला वाटते. पावसाचे गोडे पाणी खाडीत आले आणि खारटपणा एकदम खाली गेला की शिंपले झाकण घट्ट मिटून घेतात आणि पाणी गाळणे थांबवतात. म्हणजे घाण सर्वाधिक असते त्या तासांत ते कदाचित काहीच घेत नाहीत. खारटपणा परत वाढू लागला की ते उघडतात आणि भुकेने गाळू लागतात. त्या वेळी पाण्यात उरलेली आणि चिखलात बसलेली घाण त्यांच्या आत जाते. म्हणून पावसानंतर लगेच घेतलेला तिसऱ्यांचा नमुना फसवा चांगला येऊ शकतो आणि खरा धोका चार दिवसांनी दिसू शकतो. हा क्रम या पट्ट्यात तसाच घडला असे सिद्ध करण्यासाठी पावसाच्या पहिल्या दिवसापासूनचे सलग नमुने लागले असते.

निष्कर्ष गटासमोर ठेवले तेव्हा चर्चा बराच वेळ चालली. सुरुवातीला बहुतेकींचे म्हणणे होते की तिसऱ्या रात्रभर पाण्यात ठेवल्या की त्या वाळू थुंकतात, मग घाणही थुंकत असतील. हा युक्तिवाद वाटतो तितका चुकीचा नाही. स्वच्छ, वाहत्या खाऱ्या पाण्यात शिंपले खरोखरच जीवाणू बाहेर टाकतात आणि परदेशातील शुद्धीकरण केंद्रे याच तत्त्वावर चालतात. पण तिथे अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेले पाणी सतत फिरवले जाते, शिंपले उथळ तबकांत ठेवतात आणि ब्रिटनमध्ये किमान ४२ तास ही प्रक्रिया चालवावी लागते. घरातल्या बादलीत त्याच खाडीचे पाणी असेल तर तिसऱ्या तेच पाणी पुन्हा गाळतात. गोड्या पाण्याची बादली असेल तर त्या मिटून बसतात. आणि हिपॅटायटिसचे किंवा उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोसारखे विषाणू शिंपल्यातून जीवाणूंपेक्षा फार हळू बाहेर पडतात, त्यांच्याबाबत शुद्धीकरण केंद्रेही पूर्ण खात्री देत नाहीत. टिचकी मारल्यावर मिटते ती तिसरी जिवंत, हा बाजारातला नियम योग्यच आहे, तो ताजेपणाबद्दल सांगतो. दूषितपणाबद्दल तो काही सांगू शकत नाही.

शिजवण्याचा मुद्दाही निघाला. तिसऱ्यांची एकशिपी (एका शिंपीत मांस ठेवून केलेले कालवण) करताना अनेक घरांत त्या अगोदर वाफेवर जेमतेम उघडेपर्यंतच ठेवतात, कारण जास्त वेळ ठेवल्या की मांस आकसते आणि चिवट होते. शिंपला उघडणे म्हणजे शिजणे नाही. विषाणूंसाठी मांसाच्या आतले तापमान ९० अंश सेल्सियसला किमान ९० सेकंद राहिले पाहिजे असे मानतात, आणि शिंपला त्याच्या बऱ्याच आधी उघडतो. वाटपात घातल्यावर रस्सा चांगला रटरटू द्यावा, हे सांगितल्यावर गटातील सगळ्या महिलांनी ते मान्य केले. चव थोडी जाईल एवढीच त्यांची तक्रार होती.

निर्णय गटाचा होता आणि त्याला कायद्याचे बळ नव्हते, ते फक्त त्यांच्या आपसातल्या शब्दाचे होते. झरीखालचा तुकडा त्या हंगामात पावसानंतर बंद ठेवायचा. मधला भाग, मांसाचे लागोपाठचे दोन नमुने मर्यादेत येईपर्यंत थांबवायचा. अमावास्येच्या सुकतीला काढणी तोंडाजवळच्या खडपावर करायची. तिथे सगळ्यांना पुरेल इतकी जागा नव्हती, म्हणून पाळी ठरवली गेली. हे सोपे नव्हते. शिनाणे काढायला खडपावर उतरावे लागते, लाटांचा मारा असतो आणि वयस्कर महिलांना ते जमत नाही. त्यांच्या वाट्याचे काम तरुण महिलांनी करावे आणि वाटा समान असावा असे ठरले. ठरले तसेच पाळलेही गेले, निदान त्या सुकतीला तरी.

पुढच्या फेरीत मधल्या भागाचा नमुना मर्यादेच्या जवळ आला आणि त्यानंतरच्या फेरीत मर्यादेत. दोन्ही वेळा झरीखालच्या तुकड्याचा नमुना बाहेरच राहिला. मधला भाग लागोपाठच्या दुसऱ्या मर्यादेतील नमुन्यानंतर उघडला गेला.

यातून पुढच्या हंगामासाठी एक तात्पुरता नियम तयार झाला. जून ते सप्टेंबर या काळात आतला पट्टा पूर्ण बंद, कारण त्या महिन्यांत पाऊस इतका सलग असतो की कोणताही हिशोब चालत नाही. एरवी, २४ तासांत २५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला तर काढणी थांबवायची आणि मांसाचा नमुना मर्यादेत आल्यावरच सुरू करायची. हा आकडा अमेरिकेतील अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या सुमारे एक इंचाच्या मर्यादेवरून घेतलेला आहे, आपल्या पठाराचा उतार आणि आपला जांभा पाहता तो इथे कमी करावा लागेल असे मला वाटते. वाड्यावर एक पर्जन्यमापक बसवला आहे आणि त्याची नोंद ठेवण्याचे काम शाळेतल्या मुलांकडे आहे. मैलापाण्याची टाकी फुटणे किंवा गटाराची वाहिनी थेट खाडीत सुटणे अशी घटना घडली तर वेगळा नियम लागू होईल. अमेरिकी पद्धतीत अशा वेळी विषाणूंचा विचार करून, वेगळी तपासणी नसेल तर, साधारण २१ दिवस काढणी बंद ठेवतात. तेच प्रमाण आम्ही स्वीकारले.

या सगळ्या तपासणीने काय कळत नाही, हेही गटाला स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटले. ई. कोलाय ही मैल्याची खूण आहे. जे धोके मैल्यातून येत नाहीत ते तिला दिसत नाहीत. व्हिब्रिओ गटातले, आजार करू शकणारे जीवाणू उबदार खाऱ्या पाण्यात नैसर्गिकपणे राहतात आणि आपली खाडी वर्षभर उबदार असते. काढणीनंतर तिसऱ्या उन्हात, ओल्या पोत्याखाली तासन्‌तास राहिल्या तर ते वाढतात, म्हणून सावली आणि बर्फ हा पाण्याच्या तपासणीइतकाच गंभीर विषय आहे. दुसरा धोका विषारी सूक्ष्म शैवालांचा. केरळमधील विळिंजम येथे सप्टेंबर १९९७ मध्ये शिनाण्यांमुळे पक्षाघात करणाऱ्या विषाची बाधा होऊन सात जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मंगळूरजवळच्या खाडीतल्या शिंपल्यांतही १९८३ मध्ये हे विष आढळले होते, म्हणजे हा धोका आपल्या किनारपट्टीपासून फार दूरचा नाही. ओठ आणि जीभ बधिर होण्यापासून या बाधेची सुरुवात होते. शिजवल्याने हे विष नष्ट होत नाही. पाण्याचा रंग बदलेलच असेही नाही, आणि उलट, मार्च-एप्रिलमध्ये गोव्याच्या किनाऱ्यावर ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्मजीवाचे जे तपकिरी पट्टे तरंगताना दिसतात ते पाहून घाबरण्यात अर्थ नसतो, कारण हे विष त्यांच्यामुळे तयार होत नाही. किलोमागे ८०० मायक्रोग्रॅम ही या विषाची जगभर वापरली जाणारी मर्यादा आहे, पण ती तपासण्यासाठी लागणारी यंत्रणा वाड्याच्या आवाक्यातली नाही. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारखी संस्था याच खाडीच्या समोरच्या काठावर असताना शिंपल्यांच्या पट्ट्यांसाठी शैवालांची नियमित टेहळणी उभी राहणे अशक्य नाही. जड धातूंची तपासणी वर्षातून एकदा पुरेशी आहे, कारण ते पावसाच्या एका सरीने बदलत नाहीत. मात्र बंदर आणि जहाजबांधणी इतक्या जवळ असताना ती टाळू नये.

आता उरलेले काम मुख्यतः झरीचे आहे. वरच्या वस्तीतील कोणत्या शोषखड्ड्यांचे पाणी तिच्यात येते हे शोधायचे असेल तर टाक्यांमध्ये रंगद्रव्य सोडून ते खाली झरीत उतरते का हे पाहावे लागेल आणि त्यासाठी घरमालकांची संमती लागेल. गटातील महिलांनी त्या घरांशी बोलणे सुरू केले आहे, आणि काही घरे तयार झाली आहेत. ग्रामपंचायतीकडे मांसाच्या नमुन्यांच्या खर्चाची मागणी केलेली आहे. ती मंजूर झाली तर महिन्याच्या प्रत्येक अमावास्येच्या आधी एक फेरी घेता येईल, आणि नमुने कोण घेणार, बर्फाची पेटी कोणाच्या घरी राहणार आणि निष्कर्ष आल्यावर बाजारात कोणी सांगायचे हे ठरलेले आहे.